बॉयलरच्या घराण्यातली लेक

लातूरच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यांचा जीव बॉयलरमध्ये असतो. सोयाबीनच्या पापुद्र्यांतलं तेल हेक्झेन हे द्रावक ओढून घेतं. मग तेलातून आणि पेंडीतून ते हेक्झेन पुन्हा वेगळं काढायला वाफच लागते. वाफेचा दाब पडला की प्लांट थांबला. मांजरा-गोदावरीकाठच्या साखर कारखान्यांत रस आटवायला वाफ लागते आणि टर्बाइन फिरवायलाही वाफच लागते. ती तयार करायची निम्मं पाणी असलेलं ओलं बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून. ते नीट पेटवणारी भट्टी बांधणं सोपं काम नाही. अशी यंत्रं बांधणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांत पुण्याची थरमॅक्स पहिल्या फळीत आहे. 1996 साली ही कंपनी एका बाईच्या हाती आली. पुढे जे घडलं ते नांदेडच्या नव्या मोंढ्यातल्या आणि लातूरच्या डाळ मिलवाल्या घरांनी मुद्दाम समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मूळ पुरुष ए. एस. भाथेना. दवाखान्यांतली निर्जंतुकीकरणाची उपकरणं बनवणारा हा माणूस 1966 मध्ये वॅन्सन या बेल्जियन कंपनीच्या साहाय्याने छोट्या बॉयलरकडे वळला. मोठं पिंप भरून पाणी उकळायचं, ही जुनी रीत. या नव्या बॉयलरमध्ये नळीच्या वेटोळ्यातून थोडंच पाणी फिरतं. त्यामुळे काही मिनिटांत वाफ धरते, जागा कमी लागते आणि साठा थोडा असल्याने स्फोटाची भीतीही कमी. छोट्या कारखानदाराला हेच हवं होतं. चिंचवडला धंदा वाढला, जावई रोहिंटन आगा यांनी कारभार हाती घेतला आणि 1980 मध्ये कंपनीचं नाव थरमॅक्स झालं.

भाथेनांची लेक अनु. जन्म 1942, मुंबईचा. झेवियर्समधून अर्थशास्त्र, मग टाटा समाजविज्ञान संस्थेतून वैद्यकीय आणि मानसोपचार क्षेत्रातल्या समाजकार्याचं शिक्षण. वडील मालक, नवरा प्रमुख, तरी त्या कंपनीत आल्या 1985 मध्ये, तेही मनुष्यबळ विभागात. ताळेबंद हा काही त्यांचा विषय नव्हता. फेब्रुवारी 1996 मध्ये रोहिंटन अचानक गेले. आदल्याच वर्षी कंपनीचे शेअर बाजारात आले होते. दोन दिवसांत संचालक मंडळाने अनु आगांना अध्यक्षपदी बसवलं. सुमारे 62 टक्के शेअर घराण्याचे असल्यामुळेच आपल्याला ही खुर्ची मिळाली, ही बोच त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. साधारण वर्षभरात, 1997 मध्ये, पंचवीस वर्षांचा मुलगा कुरुश मोटार अपघातात गेला. याच सुमारास सासूबाईही गेल्या. या काळात विपश्यनेने आपल्याला सावरलं, असं त्या सांगतात.

इकडे बाजार मंदावला. नवे कारखाने उभे राहिनात, मग बॉयलर कोण घेणार? चारशेच्या घरातला शेअर घसरत 36 रुपयांवर आला. अनु आगांची समजूत अशी होती की आपण चांगलं काम करावं, भाव बाजार बघून घेईल. मग एका भागधारकाचं निनावी पत्र आलं. मतलब एवढाच, की तुमच्याकडे पैसा असेल, तुम्हाला फरक पडत नसेल, पण तुम्ही मला बुडवलंत. त्या पत्राने त्यांची झोप उडवली.

मला या सगळ्या हकिकतीत हे पत्र सर्वांत मोलाचं वाटतं. निनावी पत्र केराच्या टोपलीत टाकणं किती सोपं होतं! त्यांनी ते खरं मानलं. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपला बोलावलं. कंपनी अडचणीत असताना सल्ल्यावर एवढा खर्च कशाला, अशी कुजबुज झाली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. बाटलीबंद पाणी, सॉफ्टवेअर असे मूळ कामाशी संबंध नसलेले धंदे सोडले. संचालक मंडळ नव्याने बांधलं, बाहेरचे स्वतंत्र संचालक आणले. आणि सगळ्यात अवघड गोष्ट: त्या स्वतः, मुलगी मेहेर आणि जावई फिरोज पदमजी रोजच्या कारभारातून बाहेर पडले. प्रकाश कुलकर्णी व्यवस्थापकीय संचालक म्हणून कंपनी चालवू लागले. मालकी घरात राहिली, रोजचं चालवणं व्यावसायिकांकडे गेलं. कंपनी पुन्हा उभी राहिली.

आपल्याकडे काय होतं? कर्ता पुरुष गेला की बँकेच्या कागदावर मालकीणबाईंचं नाव चढतं, सही त्या करतात आणि गल्ल्यावर दीर नाही तर भाचा बसतो. हक्क नाही असंही नाही. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून एकत्र हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीने वाटा दिला, त्याआधी लग्न झालेल्यांना मात्र वगळून. सगळ्या देशात तो 2005 मध्ये आला. आगा पारशी, त्यांना हा कायदा लागू नाही. पण आपल्या मोंढ्यातल्या बहुतेक घरांना आहे. तरीही वाटणीच्या वेळी लेकीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या लेकीला धंद्याची चोपडी कधी दाखवलीच नाही, तिच्या नुसत्या नावाने पेढी तरी कशी तरेल?

अनु आगा 2004 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, अध्यक्षपदावरून उतरल्या. गरीब मुलांच्या शाळांसाठी आकांक्षा आणि टीच फॉर इंडिया या संस्थांच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. संपत्तीतला मोठा वाटा समाजाला द्यावा, असा कुरुशचा आग्रह असे. 2010 मध्ये पद्मश्री, 2012 मध्ये राज्यसभेवर नियुक्ती, हे ओघाने आलं. 2002 च्या गुजरात दंगलींबद्दल उद्योगजगत गप्प असताना त्या जाहीरपणे बोलल्या, तेही नोंदवायला हवं.

त्यांच्या जागी मेहेर पदमजी अध्यक्ष झाल्या, पण कार्यकारी नाही. पुढे एम. एस. उन्नीकृष्णन आणि 2020 पासून आशिष भंडारी यांनी कंपनी चालवली, दोघेही घराण्याबाहेरचे. मेहेर मात्र अध्यक्षपदापर्यंत पायरी पायरीने पोचल्या होत्या. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात रसायन अभियांत्रिकी शिकून त्या 1990 मध्ये थरमॅक्समध्ये शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागल्या, तेव्हा वडील हयात होते, भाऊ होता, आणि लेकीला कारखाना दाखवण्याची कसलीच निकड घरावर आलेली नव्हती.