डोक्यावरचा आवाज आणि मुलांचा अभ्यास

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात एकाच दिवशी दोन कुटुंबे आली. एक झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहणारे, दुसरे बरोबर त्यांच्या डोक्यावर, सातव्या मजल्यावर. दोन्ही आपल्याच समाजाची. जुन्या वस्तीत वीस वर्षे एका गल्लीत राहिली, एकमेकांच्या लग्नात वाढपी झाली, आणि आता पोलीस ठाण्यात एकमेकांविरुद्ध एनसी नोंदवून आमच्यासमोर वकीलपत्र घेऊन बसली होती. खालच्यांचा मुलगा बारावीला आहे. वरच्या घरातली आजी पहाटे साडेचारला उठून खलबत्त्यात मिरची-लसूण कुटते, कारण तिचा मुलगा पालिकेच्या सफाई खात्यात आहे आणि पहाटे त्याचा डबा तयार लागतो. एकाचा अभ्यास, दुसऱ्याची पोटाची पाळी. यात आरोपी कोणाला करायचे?

आम्ही कोणाचेच वकीलपत्र घेतले नाही. रविवारी त्या इमारतीत गेलो. एका कार्यकर्त्याला वर पाठवून जमिनीवर स्टीलचा पेला टाकायला सांगितले आणि आम्ही खाली उभे राहिलो. पेला आमच्याच खोलीत पडावा तसा आवाज आला. मग त्याने नुसती खुर्ची सरकवली. खालच्या माउलीने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “साहेब, ही तर दिवसाची गोष्ट झाली.”

असे का होते, हे आपल्या लोकांनी समजून घेतले पाहिजे, कारण ते समजले की निम्मे भांडण तिथेच संपते. घरातला आवाज दोन वाटांनी येतो. बोलणे, टीव्ही, रडणारे मूल हा हवेतून येणारा आवाज. त्याला जाड स्लॅब बऱ्यापैकी अडवतो. पण चालणे, कुटणे, खुर्ची ओढणे हा आघाताचा आवाज. तो हवेत निर्माण होऊन खाली येत नाही, तो स्लॅबलाच हलवतो. हलगीवर टिपरू पडावे तसा. आपल्या इमारतींत पाच-सहा इंचांचा स्लॅब, त्यावर सिमेंटचा माल आणि त्यावर थेट टणक लादी. मध्ये मऊ असे काहीच नाही. त्यात हल्ली ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. काम झपाट्याने होते, पण सगळी इमारत एकसंध दगडासारखी होते आणि आवाज भिंतींतून आडवातिडवा फिरतो. म्हणून कधी कधी ज्याच्यावर आपण ओरडतो तो वरचा माणूस गावाला गेलेला असतो आणि आवाज शेजारच्या घरातून येत असतो.

यावरचा उपाय काही चंद्रावरचा नाही. स्लॅबवर रबराचा किंवा फोमचा लवचिक थर अंथरायचा, त्यावर कोबा करायचा आणि मग लादी. कोबा भिंतीला चिकटू द्यायचा नाही, कडेने त्याच फोमची पट्टी लावायची. ती पट्टी विसरली, तर आवाज भिंतीतून खाली उतरतो आणि सगळा खर्च पाण्यात. हे काम बांधतानाच होते. एकदा लादी बसली की नंतर उरते ते खालून खोटे छत टांगणे. ते महाग, आणि आधीच बुटक्या खोलीची उंची खाणारे.

दक्षिण कोरियात बहुतेक माणसे अशाच उंच इमारतींत राहतात आणि तिथेही मजल्यांमधल्या आवाजावरून हाणामाऱ्यांपर्यंत मजल गेली. तेव्हा तिथल्या सरकारने शेजाऱ्यांना उपदेश करण्याऐवजी बांधणाऱ्याला धरले. स्लॅबची जाडी 210 मिलिमीटर ठरवली, आणि 2022 पासून इमारत पुरी झाल्यावर, माणसे राहायला जाण्याआधी, काही घरांत प्रत्यक्ष आघात करून खालच्या घरातला आवाज मोजायची पद्धत सुरू केली. मर्यादा 49 डेसिबल.

आपल्याकडे काय? 2000 सालचे ध्वनी प्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली शांतता हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण या नियमांच्या डोळ्यासमोर भोंगा आहे, फटाका आहे, हॉर्न आहे. आजीचा खलबत्ता त्यात बसत नाही, आणि बसवूही नये. (भोंग्याचा विषय निघालाच आहे तर जयंतीच्या रात्री दहानंतर वाजणाऱ्या डीजेबद्दल आपण स्वतःलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत.) राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत ध्वनिरोधनावर स्वतंत्र विभाग आहे. पण ती संहिता मुळात शिफारस आहे. राज्याने किंवा पालिकेने आपल्या नियमांत घेतल्याशिवाय ती बिल्डरला बांधत नाही. म्हणजे इमारत बांधणारा सुटतो, आणि त्याच्या कमी मालाची शिक्षा वरचा आणि खालचा गरीब एकमेकांना देत बसतात.

मिश्र वस्तीच्या इमारतीत तर हे प्रकरण पुढे जाते. आवाजाची तक्रार दुसऱ्या वाक्यात “तुमच्या लोकांना राहायची पद्धतच नाही” इथपर्यंत पोहोचते. अशी प्रकरणे आम्ही हाताळली आहेत. जातीवाचक अपमान जिन्यात चारचौघांसमोर झाला की बंद घरात, यावर ॲट्रॉसिटीचे कलम लागणे-न लागणे अवलंबून असते, हे ध्यानात ठेवावे. पण तिथेही भांडणाची सुरुवात त्या लादीखालीच असते.

कोणी म्हणेल, पोटाचे प्रश्न सोडून वकील आवाजावर काय लिहितात! त्यांनी परळच्या डबक चाळीतील एक खोली आठवावी. सुभेदार रामजी भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत. का? कारण त्या एका खोलीत संसार, सरपण, माणसे सगळे होते आणि शांतता फक्त रात्री दोनलाच मिळत होती. बापाने स्वतःची झोप मोडून ती मुलाला दिली. ज्यांच्या घरात वेगळी अभ्यासाची खोली आहे त्यांना आवाज हा त्रास असतो. तीनशे चौरस फुटांत राहणाऱ्या आपल्या मुलांचे त्यात वर्ष जाते.

आज मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींच्या जागी बुरूज उभे राहत आहेत. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. उपनगरांत आपल्या कित्येक वसाहतींचे करारनामे होत आहेत. आम्ही पाहिलेल्या करारांत चटई क्षेत्र असते, भाडे असते, कॉर्पस फंड असतो, लिफ्टची कंपनीसुद्धा असते. लादीखाली काय घालणार, हे कुठेच नसते. समितीने सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: स्लॅबची जाडी, लादीखालचा लवचिक थर कडेच्या पट्टीसह, आणि ताब्याआधी नमुन्याच्या घरांत आवाजाची मोजणी. रेराच्या कलम 14 मध्ये ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत दोषांची जबाबदारी विकासकावर आहे, पण ते विकत घेतलेल्या घरासाठी उभे केलेले संरक्षण आहे. पुनर्वसनात घर मिळालेल्याने ‘नंतर बघू’ म्हणू नये.

त्या दोन कुटुंबांचे म्हणाल, तर आजीने खलबत्ता ओट्याशेजारच्या जमिनीवरून उचलला आणि चौपदरी गोधडीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवला. वरच्यांनी खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचे लावली. मुलांच्या खेळण्याच्या जागी जाड सतरंजी आली. आवाज थांबला नाही, पण मुलगा आता साडेपाचपर्यंत झोपतो. एनसी अजून तशीच आहे. येत्या रविवारी शेजारच्या वसाहतीचा कराराचा मसुदा विहारात वाचायचा आहे. फ्लोअरिंगच्या रकान्यात त्यात एवढेच लिहिले आहे: व्हिट्रिफाइड टाइल्स, दोन बाय दोन.