कर्करोग आणि कपाशीची अळी

भोपाळच्या उत्तर अंगास वसलेल्या करोंदचे नाव निघाले की दोन वास्तू डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एक तेथील कृषी उपज मंडी आणि दुसरी १९८४ च्या वायुदुर्घटनेतील पीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय. तो विषारी वायू सुटला तो कारखानाही कीटकनाशकांचाच होता. शेतातील कीड आणि माणसाचा आजार यांचा आणखी एक संबंध आहे आणि तो बोधप्रद आहे. कर्करोगाच्या काही अभ्यासकांनी आपला धडा शेतातूनच घेतला आहे.

ज्या घरात हा रोग शिरला आहे तेथे एक प्रश्न हटकून विचारला जातो. पहिल्या औषधाने गाठ एवढी ओसरली, मग तेच औषध पुढे का लागू पडेना? कोणी पथ्याला दोष देतो, कोणी डॉक्टरांना, कोणी दैवाला. आम्हांस वाटते, याचे उत्तर कपाशीच्या शेतात अधिक स्पष्ट दिसते.

आपल्यापैकी ज्यांचे गणगोत विदर्भात आहे, त्यांना २०१७ चा हंगाम आठवत असेल. अळीला मारक प्रथिन अंगीच असलेली बीटी कपाशी २००२ साली भारतात आली आणि आरंभी तिने बोंडअळीला आवरले. पण असंख्य अळ्यांत थोड्या अशाही होत्या, की ज्यांना ते विष बाधत नव्हते. बाकीच्या मेल्या, या उरल्या आणि पुढची प्रजा यांचीच वाढली. शेवटी २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पिकाची दैना केली. अळी काही शिकली नव्हती. विषाने केवळ निवड केली होती. शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्यांचा वंश टिकून राहील, असा नियम होता. परंतु अनेकांनी त्या ओळी लावल्याच नाहीत.

गाठीतही हेच घडते. अमेरिकेतील पीटर नॉवेल यांनी १९७६ साली मांडले, की गाठ एका पेशीपासून सुरू होते, पण वाढता वाढता तिच्या पेशींत भेद पडत जातात आणि त्यांत डार्विनची निवड चालू राहते. औषधाने दबणाऱ्या पेशी मरतात. न दबणाऱ्यांना जागा आणि अन्न मोकळे होते.

हे ओळखून फ्लोरिडातील मॉफिट कर्करोग केंद्राच्या रॉबर्ट गेटनबी यांनी वेगळी वाट धरली. पसरलेला रोग समूळ जात नसेल, तर दबणाऱ्या पेशी काही राखाव्यात. त्याच न दबणाऱ्या पेशींशी झगडून त्यांना आवरतील. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे ११ रुग्ण होते. रक्तातील पीएसएचे प्रमाण निम्म्यावर आले की औषध थांबवायचे, पूर्वपदावर गेले की पुन्हा सुरू करायचे. औषध निम्म्याहून कमी लागले आणि रोग बळावण्यास, मध्यमान धरता, किमान २७ महिने लागले. नेहमीच्या पद्धतीत हा काळ सुमारे साडेसोळा महिन्यांचा होता. रुग्ण थोडे होते, म्हणून हा निर्णायक पुरावा नव्हे. पण दिशा विचार करण्याजोगी आहे.

येथे वाचकांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. मनाने गोळ्या सोडणे म्हणजे ही पद्धती नव्हे. तेथे प्रत्येक विराम रक्ततपासणीने ठरत असे. शिवाय जो रोग पूर्ण बरा होण्याजोगा आहे, तेथे उपचार नेटाने पुरा करणेच श्रेयस्कर. गाठ लहान असते तेव्हा पेशी थोड्या, त्यांतले भेदही थोडे आणि औषधाला दाद न देणारी पेशी असण्याचा संभव कमी. म्हणूनच तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील तीन आठवड्यांत न भरणारा व्रण लगेच दाखवावा.

आणि ज्यांचे औषध चालेनासे झाले, त्यांच्या घरच्यांनी कोणालाही बोल लावू नये. हा कुणाचा अपराध नसून निसर्गाचा एक जुना नियम आहे.