बारव दुरुस्त करताना

पन्हाळ्याची अंधारबाव पाहायला गेलेली माणसं तिथल्या चोरवाटेच्या गोष्टीतच रमतात. आदिलशाहीतली तीन मजली वास्तू, पाणी अगदी खाली. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, म्हणून तिथला दगड परवानगीशिवाय हलत नाही. गावोगावच्या बारवांना असा राखणदार नसतो. कुणीतरी उत्साहाने सिमेंटची पोती आणतो आणि तिथंच घात होतो.

काम गाळापासून सुरू होतं. त्यासाठी पाणी उपसावं लागतं, पण मोठा पंप लावून बारव झटपट कोरडी करू नये. भिंतीमागची माती पाण्याने भिजलेली असते. आतल्या पाण्याचा टेकू एकदम गेला, की ती भिंतीला पुढं रेटते. पाणी थोडं थोडं, भिंतीवर नजर ठेवून उतरवायचं.

मग पिंपळ-उंबराची मुळं. हिसकली, तर दगडांसकट येतात. खोड कापून मूळ आधी जागीच मारतात. जिथं सांधे फाकलेत, तिथले दगड क्रमांक घालून, फोटो काढून उतरवतात. मूळ सोडवलं, की तोच दगड त्याच जागी. पाथरवट मागून चिपा मारतो, हातोडीने ठोकून कान देतो. खणखणीत वाजला तर बसला. बद्द वाजला तर मागं पोकळी आहे, पुन्हा काढा.

पाण्याकडच्या भिंती बऱ्याच बारवांत चुन्याविना, दगडावर दगड रचलेल्या असतात. झरे त्या सांध्यांतूनच आत येतात. तिथं सिमेंट भरलं, की पाणी मागं कोंडतं आणि भिंत फुगते.

चुना लागतो तो कमानींना, कोनाड्यांना, वरच्या थरांना. कळीचा चुना पाण्यात विरवायचा. तो रटरटून उकळतो, म्हणून अंतर राखून उभं राहायचं. मुरल्यावर वाळू आणि विटांची भुकटी घालून घाण्यात मळायचा. या भुकटीमुळे, म्हणजे सुरखीमुळे, चुना ओलीतही धरतो. हिरड्याचं पाणी आणि गूळ घालायचीही रीत आहे. गुळाला कोल्हापुरात काय तोटा! गुळाने चुना मऊ राहतो, सावकाश आवळतो. फार घातला तर मात्र धरतच नाही, म्हणून आधी नमुने करून बघतात.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो. त्याला महिने लागतात. सुरुवातीला ओली पोती टाकून ऊन चुकवायचं.

पुढच्या पावसानंतर भिंतीची फुगी पुन्हा मोजायची. पिंपळाची रोपं दोन पानांवर असतानाच काढायची.