स्टार ट्रॅकरवर अक्षांश कसा सेट करायचा? नांदेड आणि लातूरकरांसाठी सोपी माहिती

मोबाईलचा नाईट मोड लावून आकाशाचा फोटो काढला, की काही तारे छान टिपले जातात. पण एक्स्पोजर जरा वाढवलं की ताऱ्यांचे ठिपके न राहता छोट्या रेषा होतात. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. पृथ्वी फिरते आहे आणि तिच्यासोबत तुमचा ट्रायपॉडही फिरतो आहे. यावरचा उपाय म्हणजे इक्वेटोरियल माउंट, किंवा त्याचा छोटा भाऊ स्टार ट्रॅकर. पण हे यंत्र विकत आणून नुसतं चालू केलं तर काम करत नाही. आधी त्याला सांगावं लागतं, की आपण पृथ्वीवर नक्की कुठे उभे आहोत. त्यातला पहिला आकडा म्हणजे अक्षांश.

आजच्या लेखात बघूया, हा आकडा का लागतो, नांदेड-लातूर भागासाठी तो किती आहे, आणि तुमच्या हातातल्या फोनने तो नीट कसा सेट करायचा.

माउंट नेमकं करतं काय?

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते. म्हणून आपल्याला तारे तासाला साधारण १५ अंश सरकताना दिसतात. माउंटमधली मोटर कॅमेरा बरोबर तेवढ्याच वेगाने उलट दिशेला फिरवते. त्यामुळे तारा फ्रेममध्ये जागच्या जागी राहतो.

अट एकच. ज्या अक्षाभोवती माउंट फिरतं, तो अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा. आता पृथ्वीचा अक्ष आपल्या गावातून बघितला तर कुठे रोखलेला दिसतो? बरोबर उत्तरेला आणि क्षितिजापासून काही अंश वर. ते "काही अंश" म्हणजेच तुमच्या गावाचा अक्षांश.

हे पटवून घ्यायला सोपं आहे. विषुववृत्तावर उभं राहिलं तर आकाशाचा उत्तर ध्रुव अगदी क्षितिजावर असतो, म्हणजे उंची शून्य. पृथ्वीच्या उत्तर ध्रुवावर तो थेट डोक्यावर असतो, म्हणजे उंची ९० अंश. मधे कुठेही असा, साधारण १११ किलोमीटर उत्तरेला गेलात की तो एक अंश वर चढतो.

ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र बघा. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली ती तिरकी भिंत जयपूरच्या अक्षांशाएवढी, म्हणजे २७ अंशांनी कललेली आहे. उज्जैनला तसंच यंत्र आहे, पण तिथला कल साधारण २३ अंश, कारण गाव बदललं. उटीची रेडिओ दुर्बीण तर याहून मजेशीर. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या टीमने १९७० मध्ये पूर्ण केलेली ही ५३० मीटर लांब दुर्बीण मुद्दाम अशा डोंगरउतारावर उभी केली, की उताराचा कोन तिथल्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे ११ अंश आहे. थोडक्यात, अख्खा डोंगरच इक्वेटोरियल माउंट म्हणून वापरला. आपण तेच काम एका बोल्टने करणार आहोत.

तुमच्या गावाचा आकडा

- नांदेड शहर: १९.१५ अंश
- लातूर शहर: १८.४ अंश
- उदगीर: १८.४ अंश
- अहमदपूर: १८.७ अंश
- निलंगा: १८.१ अंश
- किनवट: १९.६ अंश
- माहूर: १९.८ अंश

यात एक गंमत आहे. उदगीर लातूरपासून बरंच पूर्वेला आहे, तरी आकडा तोच. कारण अक्षांश फक्त उत्तर-दक्षिण अंतराने बदलतो. म्हणून मुंबईहून नांदेडला माउंट आणलं तर उंचीचा बोल्ट जवळजवळ हलवावा लागत नाही. पुण्याहून लातूरला आणलं तरीही तसंच. पण लातूरहून नांदेडला नेलं तर पाऊण अंश वर घ्यावं लागतं, कारण ही दोन शहरं उत्तर-दक्षिण अशी सुमारे ८३ किलोमीटर लांब आहेत.

स्वतःच्या जागेचा अचूक आकडा हवा असेल तर गुगल मॅप्समध्ये त्या जागेवर बोट दाबून धरा. पिन पडेल आणि दोन आकडे दिसतील. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. शेतात नेट नसेल तरी काळजी नको, फोनचं जीपीएस नेटशिवायही चालतं. कंपास किंवा जीपीएसचं एखादं ॲप आधीच टाकून ठेवा.

इथे बरेच जण फसतात

काही ॲप अक्षांश दशांशात दाखवतात, काही अंश-कला-विकला असं दाखवतात. एका अंशात ६० कला असतात, १०० नाही. म्हणून लातूरचे १८.४० म्हणजे १८ अंश ४० कला नव्हेत, तर १८ अंश २४ कला. नांदेडचे १९.१५ म्हणजे १९ अंश ९ कला. दशांशाचा भाग ६० ने गुणा, कला मिळतात. एवढं पाठ ठेवलं तरी अर्धी चूक टळते.

सेटिंग कसं करायचं?

१. ट्रायपॉड समतल करा. माउंटवरची अंशांची पट्टी ट्रायपॉडच्या माथ्यापासून कोन मोजते. माथाच उत्तर-दक्षिण दिशेत दोन अंश कलला असेल, तर पट्टीवर १९ लावून खरा कोन १७ किंवा २१ होणार. माउंटवरचा पाण्याचा बुडबुडा मधोमध आणा. नांगरलेल्या रानात पाय रुततात, म्हणून पायांखाली फरशीचे तुकडे किंवा लाकडी फळ्या ठेवा.

२. बोल्ट फिरवा. बऱ्याच माउंटला पुढे-मागे असे दोन बोल्ट असतात. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका, आटे खराब होतात. वजन काढून ठेवा, नाहीतर एका हाताने माउंट धरा. शेवटची हालचाल नेहमी खालून वर उचलत करा, म्हणजे माउंट नंतर आपोआप खाली बसत नाही.

३. फोनने कोन तपासा. पट्टीवरच्या रेघा जाड असतात, एखादा अंश सहज इकडेतिकडे होतो. फोनमधलं लेव्हल किंवा कोनमापक ॲप यापेक्षा चांगलं काम करतं. फोनचं कव्हर काढा आणि बटणं नसलेली कड माउंटच्या मुख्य अक्षाला समांतर टेकवा. नांदेडमध्ये १९.१ किंवा १९.२ दिसायला हवं, लातूरमध्ये १८.४. छोट्या ट्रॅकरमध्ये फिरणाऱ्या चकतीवर फोन ठेवला तर उलटा कोन दिसतो, कारण चकती अक्षाला काटकोनात असते. मग आकडा ९० मधून वजा करा. नांदेडला ७०.८५, लातूरला ७१.६.

फोनवर विश्वास ठेवण्याआधी एक चाचणी घ्या. त्याच कडेवर फोन टेबलावर उभा ठेवून कोन वाचा, मग तो जागच्या जागी १८० अंश फिरवून पुन्हा वाचा. दोन आकड्यांत फरक आला तर ॲपमध्ये कॅलिब्रेशन करून घ्या. हा कोन गुरुत्वाकर्षणावरून मोजला जातो, त्यामुळे मोटर किंवा लोखंडाचा त्याला त्रास नाही. फोनच्या होकायंत्राला मात्र भरपूर त्रास होतो.

४. उत्तर दिशा धरा. मराठवाड्यात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशापेक्षाही कमी फरक आहे, हे आपलं नशीब. तरी फोन माउंटपासून दोन-तीन पावलं लांब धरूनच दिशा बघा.

५. ध्रुवताऱ्याने पक्कं करा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते. म्हणजे आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. हिवाळ्यात शर्मिष्ठेच्या इंग्रजी एम आकारावरून, उन्हाळ्यात सप्तर्षीवरून तो शोधा. माउंटला ध्रुवदर्शक दुर्बीण असेल तर एक लक्षात ठेवा: ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. तो सुमारे ०.६ अंश बाजूला आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा जरा जास्त. म्हणून तो मधोमध न आणता आतल्या वर्तुळावर आणतात. वर्तुळावर कुठे, ते घड्याळाच्या काट्यासारखं वेळेनुसार बदलतं आणि पोलर अलाइनमेंटचं कुठलंही ॲप ते दाखवतं.

आकडा चुकला तर किती बिघडतं?

कॅमेरा कोणता यावर सगळं अवलंबून आहे. हिशोब बघा. अक्ष एक अंश चुकला, तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे १६ विकला घसरतो. एका अंशात ३६०० विकला असतात.

समजा लातूरचा आकडा तसाच ठेवून तुम्ही नांदेडला फोटो काढला. चूक पाऊण अंश, घसरण मिनिटाला १२ विकला. फोनच्या मेन कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ६० विकलांचा असतो. म्हणजे मिनिटभराच्या एक्स्पोजरमध्ये तारा पिक्सेलचा पाचवा भाग हलला. दिसणारसुद्धा नाही! ट्रॅकर नसता तर फोनमध्ये २० सेकंदांतच तारा ५ पिक्सेल सरकला असता.

आता त्याच माउंटवर डीएसएलआर आणि २०० मि.मी. लेन्स लावा. तिथे एक पिक्सेल साधारण ४ विकलांचा. तेवढ्याच चुकीत तारा मिनिटाला ३ पिक्सेल घसरतो, आणि ठिपक्याची रेघ होते. आणि समजा सेकंडहँड माउंट दिल्लीहून आलं आणि २८.६ वरच राहिलं, तर चूक नऊ-दहा अंशांची. मग फोनच्या फोटोतही तारे पसरतात.

तात्पर्य: फोन वापरत असाल तर पट्टी आणि कोनमापक पुरे. झूम लेन्स किंवा दुर्बीण असेल तर ध्रुवताऱ्यापर्यंत जावंच लागेल.

ध्रुवतारा दिसतच नसेल तर?

आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे. १९ अंशांवरचा तारा उत्तरेच्या इमारतीमागे किंवा झाडामागे सहज लपतो. उन्हाळ्यात तर धुळीतच हरवतो. जागा निवडताना दक्षिणेचं आकाश सगळे बघतात, तुम्ही उत्तर मोकळी आहे का तेही बघा. नांदेड किंवा लातूर शहराच्या उत्तरेला जाऊ नका, दक्षिणेला जा असंही नाही. एवढंच बघा, की शहराचा उजेड ध्रुवताऱ्याच्या बाजूला येऊ नये.

तरीही दिसला नाही तर घसरण बघून दुरुस्ती करता येते. पूर्वेला असलेला एक तारा दुर्बिणीच्या मध्यावर आणा, मोटर चालू ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. तारा उत्तरेकडे सरकला तर अक्ष जास्त वर आहे, खाली घ्या. दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, वर घ्या. हलेनासा झाला की अक्षांश बरोबर लागला.

विकत घेण्याआधी हे नक्की तपासा

बरीच माउंट युरोप-अमेरिकेतल्या अक्षांशांचा विचार करून बनवलेली असतात. तिथे अक्ष ४०-५० अंश वर असतो, आपल्याकडे जेमतेम १८-१९. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये अक्षांशाची रेंज वाचा. ती २० किंवा त्याहून वरून सुरू होत असेल, तर ते माउंट लातूर-नांदेडला चालणार नाही.

दुसरा मुद्दा काउंटरवेटचा. ५० अंशांवर वजनाचा दांडा ट्रायपॉडपासून बराच बाहेर झुकतो. आपल्याकडे तो उभ्या रेषेपासून फक्त १९ अंश झुकतो आणि जवळजवळ उत्तरेकडच्या पायाला समांतर लटकतो. मोटर चालू असताना वजन पायाला धडकू शकतं, आणि बसतो तो थेट गिअरला. म्हणून अंधार पडण्याआधी हाताने माउंट फिरवून बघा. अडत असेल तर वजन दांड्यावर वर सरकवा, माउंट आणि ट्रायपॉडच्या मधे एक्स्टेंशन लावा, किंवा माउंटची रचना परवानगी देत असेल तर उत्तर दिशा दोन पायांच्या मधे येईल असा ट्रायपॉड फिरवा. काउंटरवेट नसलेल्या छोट्या ट्रॅकरला ही अडचण नाही, म्हणून सुरुवातीला फोन किंवा हलका कॅमेरा असेल तर तोच घेतलेला बरा.

शेवटची टीप. एकदा आकडा पक्का झाला की पट्टीवर बारीक मार्करने तुमच्या गावाची खूण करा. पुढच्या वेळी ट्रायपॉड समतल करायचा, खुणेवर आणायचं, उत्तर धरायची आणि शटर दाबायचं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपल्याकडचं आकाश सगळ्यात स्वच्छ असतं. कृत्तिका आणि मृग नक्षत्रापासून सुरुवात करा.