दुवा म्हणजे प्रत नव्हे : संगणकात डिरेक्टरी जोडण्यामागचे तत्त्व

एदोगावा (टोकियो) : २००० सालच्या ‘वायटूके’ प्रश्नाच्या निमित्ताने भारतीय संगणक अभियंते टोकियोत आले आणि एदोगावा प्रभागातील निशि-कासाई येथे त्यांची वस्ती वाढली. येथे घर बदलणाऱ्याला १४ दिवसांच्या आत प्रभाग कार्यालयात नवा पत्ता नोंदवावा लागतो. टपाल कार्यालयात अर्ज दिल्यास जुन्या पत्त्यावरची पत्रे वर्षभर नव्या घरी पोहोचवली जातात. संगणकातील ‘सिम्बॉलिक लिंक’ नेमके हेच दुसरे काम करते. डिस्क भरली म्हणून छायाचित्रांची डिरेक्टरी मोठ्या डिस्कवर हलवली आणि जुन्या जागी दुवा ठेवला, तर जुना मार्ग विचारणाऱ्या प्रोग्रॅमला नव्या जागी नेले जाते.

युनिक्स परंपरेत जोडणीचे दोन प्रकार आहेत. प्रत्येक फाइलला ‘आयनोड’ नावाचा क्रमांक असतो. नाव ही केवळ त्या क्रमांकाकडे नेणारी नोंद. एकाच क्रमांकाला दुसरे नाव देणे म्हणजे ‘हार्ड लिंक’. त्यातील शेवटचे नाव पुसले आणि कोणताही प्रोग्रॅम ती फाइल वापरत नसला, की जागा मोकळी होते. सिम्बॉलिक लिंकमध्ये मात्र फक्त मार्गाचा मजकूर असतो. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये ही सोय आली.

डिरेक्टरीला हार्ड लिंक करण्यास लिनक्स सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही नकार देते. कारण डिरेक्टरींची रचना वृक्षासारखी असते. फांदीच्या आत तिचेच खोड जोडले, तर शोध घेणारा प्रोग्रॅम चक्रात अडकेल. शिवाय ‘दोन टिंबे’ म्हणजे वरची डिरेक्टरी. दोन पालक असल्यास त्यांतली कोणती? अशा चक्राचा बाहेरील मार्ग तोडला, तरी आतील नोंदी एकमेकींना धरून राहतात आणि जागा मोकळी होत नाही. ॲपलने २००७ मध्ये टाइम मशीनसाठी या नियमाला अपवाद केला होता. नंतरच्या एपीएफएस प्रणालीत तो उरला नाही. सिम्बॉलिक लिंकचीही चक्रे होऊ शकतात. परंतु दुवा वेगळा ओळखता येत असल्याने प्रोग्रॅम तो टाळू शकतात, आणि एखाद्या मार्गात ४० हून अधिक दुवे ओलांडावे लागले, तर लिनक्स त्रुटी देऊन थांबते.

खरा धोका घरच्या दस्तऐवजांबाबत असतो. गावाकडचा सातबारा, आईवडिलांचे वैद्यकीय अहवाल, मुलांची छायाचित्रे दुव्यापलीकडे असतील, तर बॅकअपमध्ये अनेकदा केवळ दुवाच उतरतो. मूळ डिस्क निकामी झाल्यावर हाती राहतो तो ओस घराचा पत्ता. उलट, दुवा पुसल्याने मूळ सामग्री जात नाही. मात्र दुव्यातून आत शिरून फाइली पुसल्या, तर मूळच नष्ट होते.

म्हणून बॅकअप घेताना दुव्यामागील सामग्रीही उतरवण्याचा पर्याय निवडावा, किंवा मूळ डिरेक्टरीचा वेगळा बॅकअप घ्यावा. त्यानंतर मूळ डिस्क काढून ठेवून प्रतीतील एखादा दस्तऐवज उघडून पाहावा. तो उघडला, तरच प्रत झाली असे समजावे.