हौशी पॅकेट रेडिओ : सामायिक लहरीवरील संगणक-संवाद

संगणकांची परस्परांशी जोडणी तारेवाचूनही होऊ शकते, हे हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रामसन व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ कार्यान्वित करून दाखवून दिले. हौशी बिनतारी-चालकांनी हीच वाट पुढे चोखाळली. १९७८ मध्ये माँट्रियल येथील हौशी मंडळींनी असे प्रक्षेपण प्रथम केले. १९८४ मध्ये अमेरिकेत ‘एएक्स-२५’ ही नियमावली प्रसिद्ध झाली.

या पद्धतीत संदेशाचे लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यास, म्हणजे पॅकेटास, पत्ता, अनुक्रमांक आणि शुद्धता पडताळणारी संख्या जोडली जाते. संगणक व रेडिओ यांमधील नियंत्रक-यंत्र बिटांचे रूपांतर १२०० व २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांत करते. वेग सामान्यतः सेकंदास १२०० बिट असतो. पॅकेट निर्दोष पोचल्यास ग्राहक केंद्र पोच देते. पोच न आल्यास प्रेषक ते पुन्हा धाडतो. ‘एएक्स-२५’ ही तारजाळ्यांतील ‘एक्स-२५’ या नियमावलीवरून घेतलेली असली, तरी तीत एक मूलगामी बदल आहे. लहरीवरील बोलणे सर्वांनाच ऐकू येते. म्हणून प्रत्येक पॅकेटात प्रेषक व ग्राहक या दोहोंची संकेतनामे असावीच लागतात.

खरी अडचण आहे ती बोलण्याची पाळी ठरविण्याची. लहर एकच, बोलणारे अनेक. प्रत्येकाने आधी कानोसा घ्यावा व शांतता असल्यासच बोलावे, हा नियम वरवर पुरेसा वाटतो. परंतु क आणि ग ही केंद्रे डोंगराच्या दोन बाजूंस असून माथ्यावरील ख दोघांनाही ऐकू येत असेल, तर क व ग यांना एकमेकांचा पत्ताच नसतो. दोघेही शांतता समजून बोलू लागतात आणि ख पाशी दोन्ही पॅकेटे नष्ट होतात.

पुनःप्रक्षेपक केंद्रांच्या साखळीत हा दोष अधिकच जाचतो. समजा, प्रत्येक टप्प्यावर शंभरांपैकी नव्वद पॅकेटे सुखरूप पोचतात. तीन टप्प्यांच्या मार्गावर सुमारे त्र्याहत्तरच पोचतील. त्यांची पोचही त्याच वाटेने परतावयाची असल्याने पूर्ण होणारे व्यवहार जेमतेम त्रेपन्न. उरलेल्यांसाठी सारा मार्ग पुन्हा चालावा लागतो. म्हणूनच पुढे प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र पोच घेणारी मध्यस्थ केंद्रे प्रचारात आली; त्यांमुळे बिघडलेला टप्पाच तेवढा पुन्हा करावा लागतो.

अदृश्य केंद्राच्या प्रश्नावर फिल कार्न या हौशी अभियंत्याने १९९० मध्ये मार्मिक उपाय सुचविला. टक्कर ग्राहकापाशी होते. तेव्हा प्रेषकाच्या कानोशापेक्षा ग्राहकाची अनुज्ञा महत्त्वाची. प्रेषकाने प्रथम छोटी विनंती करावी, ग्राहकाने छोटी अनुज्ञा द्यावी आणि ती अनुज्ञा ज्यांना ऐकू येईल त्यांनी स्वस्थ राहावे. विनंती-अनुज्ञेची ही रीत पुढे ‘वाय-फाय’च्या मानकातही समाविष्ट झाली.

१९९० नंतर इंटरनेटच्या प्रसाराने हौशी जाळ्यांचे महत्त्व ओसरले. तथापि स्थाननिर्देशाची ‘एपीआरएस’ पद्धती ‘एएक्स-२५’ वरच उभी आहे. या पद्धतीचा व्याप मर्यादित राहिला, पण तिने पुढे आणलेला प्रश्न मर्यादित नाही. कोणी केव्हा बोलावे हे ठरविताना, बोलणाऱ्यास काय ऐकू येते याहून ऐकणाऱ्यापाशी काय घडते हे पाहावे लागते. आणि संवादाच्या कोणत्याही शास्त्रास हे लक्षात घेणे भाग आहे.