सातव्या महिन्यातलं रडणं

"ताई, सातव्या महिन्यात मी फार रडले. त्याचंच हे झालं का?"

शेजारची सून सहा महिन्यांच्या लेकाला मांडीवर घेऊन विचारत होती. झोपेतून उठलं की बाळाचे दोन्ही हात झटक्यानं पुढे येत, मान खाली जाई. क्षणभर थांबून पुन्हा तेच, ओळीनं पंधरा-वीस वेळा. पोटुशी असताना तिचे वडील गेले होते आणि 'एवढं मनाला लावून घ्यायचं नव्हतंस' असं घरातलंच कुणी बोलून गेलं होतं.

बाळाचे झटके मला आकडीसारखे वाटले. आईच्या दुःखानं बाळाला आकडी येते का, या प्रश्नाचा माग काढत मी १९७२ सालापर्यंत गेले. त्या वर्षी अमेरिकेत इंगेबोर्ग वॉर्ड यांनी गाभण उंदरांना दिवसातून तीनदा, दर खेपेस ४५ मिनिटं, अरुंद नळकांड्यांत अडकवून वरून प्रखर दिवे लावले. त्यांना पिलांचं लैंगिक वर्तन तपासायचं होतं. आकडीशी त्याचा संबंध नव्हता. पण पोटातल्या पिलाला ताण पोचवायची ही रीत पुढे अनेकांनी उचलली. २००२ साली कॅनडातल्या संशोधकांना दिसलं की, आईनं गाभणपणी ताण सोसला असेल तर पिलांच्या मेंदूत विजेच्या हलक्या झटक्यांनीही आकडी लवकर मूळ धरते. मात्र ताण कोणत्या दिवसांत आला आणि पिलू नर की मादी, यावर फरक पडत होता.

याचं कारण कॉर्टिसॉलमध्ये, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणाऱ्या संप्रेरकात, शोधलं गेलं. आईच्या रक्तातलं बरंचसं कॉर्टिसॉल वार निष्प्रभ करते. ताण लांबला की ही राखण ढिली पडते, असं प्राण्यांत दिसलं आहे.

शेजारणीच्या बाळासारख्या झटक्यांची नोंद मात्र या प्रयोगांहून जुनी. १८४१ साली डॉ. वेस्ट यांनी स्वतःच्या मुलाचं असंच वाकणं 'लॅन्सेट'ला पत्र लिहून कळवलं होतं. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये गाभण उंदरांना बीटामेथाझोन हे कॉर्टिसॉलसारखं औषध देऊन, नंतर पिलांना आकडी आणणारं रसायन टोचलं, तेव्हा पिलं तशीच वाकू लागली. अशा झटक्यांवर बाळांना दिलं जाणारं एसीटीएच हे औषध त्या पिलांनाही लागू पडलं. हे वाचून कुणी घाबरू नये. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर बाळाची फुफ्फुसं पक्की व्हावीत म्हणून हेच बीटामेथाझोन आईला देतात. १९७२ मध्येच न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी त्याचा गुण दाखवला, आणि त्यानं असंख्य बाळं वाचली आहेत.

माणसांत काय? डेन्मार्कमध्ये जन्म, मृत्यू आणि दवाखान्यातल्या नोंदी एकाच नागरिक क्रमांकानं जोडता येतात. गरोदरपणात किंवा त्याच्या थोडं आधी ज्यांचं जवळचं माणूस गेलं, अशा आयांची मुलं तिथं वर्षानुवर्षं पाहिली गेली. २००८ साली निष्कर्ष आला: एकंदरीत त्या मुलांत अपस्माराचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

मी तिला उंदरांचं काही सांगितलं नाही. डेन्मार्कच्या त्या आयांचं सांगितलं, दोनदा. मग म्हटलं, याचे उपचार लांबवून चालत नाही. रात्रीच तिनं बाळाच्या झटक्यांचा मोबाइलवर व्हिडिओ घेतला, आणि सकाळी ईईजीसाठी, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखासाठी, आम्ही पहिल्या बसनं निघालो.